मिरवणुकीतील डीजे : विद्या आणि व्यवहार

भाद्रपद जवळ येऊ लागला की क्षेत्राच्या गावी राहणाऱ्या कीर्तनकाराकडे मंडळी ठरावीक शंका घेऊन येतात. प्रतिष्ठापनेला मध्यान्हकाळ किती मिळतो, घरात सुतक आले तर गणपती बसवावा की नाही, विसर्जन दीड दिवसाचे की पाच दिवसांचे. अलीकडच्या काही वर्षांत या शंकांत एका निराळ्याच प्रश्नाची भर पडली आहे. तो विचारणारे गृहस्थ बहुधा एकटे येतात, ओसरीवर टेकल्यावर थोडा वेळ पाऊसपाण्याचे बोलतात आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, "बुवा, धाकटा डीजे व्हायचे म्हणतो आहे. त्याला काय सांगावे?" मुलाने घरदार सोडून जायचे ठरविले असावे, असा त्यांचा सूर असतो. त्याच वेळी चौकात दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाने लावलेल्या ध्वनियंत्रणेच्या धडाक्याने आमच्या देवघरातली पळी पंचपात्रात किणकिणत असते, हा भाग निराळा.

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्या घरांतून तो येतो त्या घरांत जमिनीचा तुकडा वाटण्यांनी लहान झालेला असतो, पदवी घेतलेला मुलगा स्पर्धा परीक्षेच्या दोन-तीन फेऱ्या करून परतलेला असतो, आणि गल्लीतल्या ज्या एका पोराच्या हाती रोख पैसा खेळताना दिसतो तो डीजेच्या गाडीवरचा असतो. तेव्हा 'हे आपल्या घराण्याला शोभत नाही' एवढे बोलून आम्हांला मोकळे होता येत नाही. ही विद्या आहे की नाही, असल्यास तिचा अभ्यास कोणता, आणि तीवर प्रपंच चालतो का, याचा विचार उत्सवाच्या तोंडावरच केलेला बरा. कारण याच दिवसांत विसार घेतले जातात आणि याच दिवसांत कर्जे काढली जातात.

प्रथम शब्दाकडे पाहू. आमचा पेशाच शब्दांचा. 'डीजे' म्हणजे 'डिस्क जॉकी', तबकडीवरचा स्वार. १९३५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या नभोवाणीवर तबकड्या वाजविणाऱ्या मार्टिन ब्लॉक या निवेदकाला उद्देशून वॉल्टर विंचेल या पत्रकाराने तो प्रथम योजिला, असे मानले जाते. म्हणजे शब्द माणसाचा, त्याच्या कसबाचा. आपल्याकडे येता येता त्याचे व्याकरण उलटले. 'डीजे आले, त्यांना पाणी द्या' असे आपण म्हणत नाही. 'डीजे लावला', 'डीजे ठरवला', 'डीजे जप्त झाला' असे म्हणतो. जो कर्ता होता तो कर्म झाला. खोक्यांच्या भिंतीला माणसाचे नाव मिळाले आणि माणूस निनावी होऊन त्या भिंतीमागे उभा राहिला. साताऱ्या-सांगली-कोल्हापुराकडे तर त्याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये जी कंपनी काढली तिचे पहिले काम ध्वनिफितीवरची सरसर घालविण्याचे होते. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव आपण गोंगाटाच्या कळसाला दिले! यास्काचार्यांना असा शब्द सापडला असता तर त्यांनी निरुक्ताचा एक स्वतंत्र खंड त्यासाठी राखून ठेवला असता.

हा शब्दभ्रम निरुपद्रवी नाही. बापाला वाटते, मुलगा भिंत व्हायला निघाला आहे. मुलालाही वाटते, भिंत विकत घेतली की आपण डीजे झालो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना वाटते, भिंत जितकी उंच तितका डीजे मोठा. तिघेही एकाच चुकीच्या अर्थावर पैसे लावतात, आणि जप्ती झाली म्हणजे तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवितात.

मूळ विद्या कोठे कशी घडली हे थोडे सांगितले पाहिजे. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटात, किंग्स्टन शहराच्या गल्ल्यांतून, १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठमोठे ध्वनिवर्धक रस्त्यावर मांडून तबकड्या वाजविण्याची रीत पडली. तेथे तबकडी निवडणारा वेगळा आणि ध्वनिक्षेपकावर बोलणारा वेगळा, अशी कामांची वाटणी होती. जमैकात जन्मलेला एक तरुण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहावयास गेला आणि तेथे 'कूल हर्क' या नावाने प्रसिद्धी पावला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक मार्गावरील आपल्या इमारतीत बहिणीने योजलेल्या समारंभात तो तबकड्या वाजवीत होता. गाण्यातला जो तुकडा केवळ तालवाद्यांचा असतो त्यावर नाचणाऱ्यांना अधिक रंग चढतो, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गीताच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तोच तुकडा तो आळीपाळीने लांबवीत असे. त्याच्याही आधी, १९७० च्या आगेमागे, न्यूयॉर्कमधील फ्रान्सिस ग्रासो नावाच्या वादकाने एका गीताचा ताल सुरू असतानाच दुसऱ्याचा ताल त्यात बेमालूम मिसळण्याचे कसब वाढविले होते. १९७२ साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने 'टेक्निक्स' या नावाने काढलेले एसएल-१२०० हे यंत्र पुढे या मंडळींचा तंबोरा ठरले. सुरुवातीच्या या मंडळींचे नाव झाले ते ऐकणाऱ्यांची नाडी ओळखण्याबद्दल. ध्वनिवर्धक तेव्हाही मोठेच होते. पण आवाज काय, पैसा टाकला की कोणालाही काढता येत होता.

आता कोणी म्हणेल, परदेशच्या नाचगाण्याचे हे पुराण गणेशोत्सवाच्या पानावर कशाला? त्यांस आमची विनंती अशी की त्यांनी शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' उघडावा. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, तो ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील तालविचारात ग्रह सांगितले आहेत. गीत आणि ताल एकाच क्षणी सुरू झाले तर तो समग्रह; एक आधी आणि दुसरे मागून आले तर अतीत किंवा अनागत. यती सांगितल्या आहेत : आरंभापासून शेवटपर्यंत लय सारखी राहिली तर समा, विलंबितात सुरू होऊन द्रुताकडे वाहत गेली तर स्रोतोगता, आणि द्रुतात सुरू होऊन हळूहळू संथ झाली तर गोपुच्छा. डीजेचा जो अभ्यास आम्ही जवळून पाहिला त्याचा निम्मा भाग या परिभाषेत जसाच्या तसा मांडता येतो. शिकणाऱ्या मुलांना मात्र हे कोणी सांगत नाही; त्यांना वाटते, सारे सातासमुद्रापलीकडून आले.

आमच्या आळीतला एक तरुण या विद्येच्या मागे लागला आहे. नाव देत नाही. त्याची रीत अशी. एका कानावर श्रवणयंत्र, दुसरा कान मोकळा. मोकळ्या कानाने सभेला ऐकू येणारे गीत ऐकावयाचे, झाकलेल्या कानाने पुढे लावावयाचे गीत ऐकावयाचे, आणि दोहोंची लय जुळेपर्यंत पट्टी सरकवावयाची. एक गीत मिनिटाला १२० मात्रांचे आणि दुसरे १२६ चे असेल तर पहिल्याचा वेग शेकडा ५ ने वाढवावा लागतो. जुन्या यंत्रांत वेगाबरोबर स्वरही चढत असे. वेग शेकडा ६ वाढला की पेटीवर जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक पडतो, पांढरी एकचे गाणे काळी एकला जाऊन बसते. आजची संगणकी यंत्रे स्वर जागच्या जागी धरून ठेवतात. बहुतेक नृत्यगीते चार-चार मात्रांच्या गटांनी चालतात आणि आठ गट मिळून ३२ मात्रांचे एक मोठे आवर्तन होते. नवे गीत सोडावयाचे ते त्या आवर्तनाच्या समेवर. मधेच सोडले तर ताल जुळूनही अर्थ तुटतो, जसे टाळकऱ्याने समेआधीच उचल केली की होते. मग स्वरांचा मेळ : लागून येणारी दोन गीते एकाच पट्टीत किंवा षड्ज-पंचमाच्या नात्यात असली तर कानाला सांधा जाणवत नाही. त्याच्या पडद्यावर यासाठी आकडे आणि अक्षरे येतात. आम्ही पेटीवर सूर धरून पाहिला. आकडे बहुधा बरोबर असतात, नेहमी नव्हे.

यंत्रावर हल्ली 'सिंक' नावाची कळ असते. ती दाबली की लय आपोआप जुळते. मग शिकावयाचे काय, असा प्रश्न त्यालाही एकदा पडला होता. उत्तर त्याला एका हळदी समारंभात मिळाले. जुनी चित्रपटगीते, जुनी कोळीगीते यांत प्रत्यक्ष वादक ढोलक-तबला वाजवीत असत. माणसाच्या हाताची लय अंतऱ्यात किंचित वाढते, मुखड्यावर किंचित सैल होते. यंत्र तिला सरळ रेषेत मोजावयास जाते आणि चुकते. शिवाय केरव्याच्या अंगाने चाललेल्या गीतातून दादऱ्याच्या सहा मात्रांच्या गीतात शिरावयाचे तर वेग जुळवून भागत नाही. मध्ये एखादा तालतुकडा, एखादी शांतता, एखादा उच्चार योजावा लागतो. तेथे कळ उपयोगी पडत नाही, कान उपयोगी पडतो. त्या रात्रीपासून तो रोज दीड तास, ध्वनिवर्धक न लावता, केवळ कानाच्या यंत्रावर, जुन्या गीतांचे सांधे हाताने जुळवीत बसतो. शेजाऱ्यांना त्याचा उपद्रव शून्य. हा रियाज नव्हे तर काय?

निवडीचा भाग याहून अवघड. नारदीय कीर्तनात नमन, मूळ पद, पूर्वरंगाचे निरूपण, मग मध्यंतर, मग उत्तररंगाचे आख्यान अशी चढण असते. आख्यानाचा कळस पहिल्या पंधरा मिनिटांत खर्चून टाकणारा बुवा दुसऱ्या वर्षी त्या गावी दिसत नाही. रात्री साडेसातला जमलेल्या दहा माणसांसमोर दहाच्या ठोक्याचे गीत लावणारा डीजे तीच चूक करतो. आरंभी आजीबाई, लहान मुले, मांडववाले समोर असतात. त्यांना दटावून उठवावयाचे नसते. कोण टाळी देतो, कोण खुर्ची मागे सरकवतो, स्त्रिया अंगणात येतात की आत जातात, हे पाहत पाहत पुढची तीन गीते मनात ठेवावी लागतात. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा स्वतंत्र अध्याय आहे आणि तेथे प्रेक्षकांच्या हसण्या-हुंकारण्यापासून मोजदाद केली आहे. हे निरीक्षण शिकविता येते, पण त्यासाठी एखाद्या जाणत्या वादकाच्या पाठीमागे दोन हंगाम तारा गुंडाळीत उभे राहावे लागते. शहरांतून या विद्येचे वर्ग चालतात, प्रमाणपत्रे मिळतात. त्यांतून यंत्राची ओळख लवकर होते. सुपारी देणारा मात्र प्रमाणपत्र मागत नाही आणि कायद्यालाही ते लागत नाही, हे फी भरण्यापूर्वी ध्यानात असावे.

विद्येचे इतके झाले. आता कायद्याकडे वळू, कारण मुलाच्या भवितव्याचा खरा गुंता तेथे आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत ६५ आणि ५५, रुग्णालय-शाळा-न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, अशी त्यांतील मानके. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर मानकापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढीच मुभा. म्हणजे वस्तीच्या भागात दिवसा ६५. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकारला मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते; ती वेळेची सवलत आहे, पातळीची नव्हे, हे मंडळे सोयीस्करपणे विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात सांगितले की इतरांची शांतता मोडून ध्वनिवर्धकावर प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही. २००५ साली त्याच न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निर्णय दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली राज्याला कठोर अंमलबजावणीचे आदेश दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा म्हटले की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. २०१८ साली यंत्रणा भाड्याने देणाऱ्यांच्या संघटनेने उच्च न्यायालयाकडे डीजेवरची बंदी उठविण्याची मागणी केली होती. न्यायालयाने अनंतचतुर्दशीच्या दोनच दिवस आधी दिलासा नाकारला. त्या वर्षी विसार घेऊन बसलेल्यांची काय गत झाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दसपट होते. ६५ ची मुभा असताना ९५ वर वाजविणारा अर्धपट अधिक वाजवीत नसतो. तो हजारपट शक्ती ओतीत असतो. आणि त्यातही खर्जाचा घुमारा, ज्याला मुले 'बेस' म्हणतात, तो भिंतींना जुमानत नाही. तीव्र स्वर दार लावले की बराच अडतो, खर्ज घरात शिरतो आणि छातीवर बसतो. बाळंतिणीच्या खोलीत, हृदयविकाराच्या माणसाच्या उशाशी तोच पोहोचतो.

पण येथे न्यायाने एक गोष्ट बोलली पाहिजे. ६५ डेसिबल म्हणजे दोन माणसांच्या मोकळ्या संभाषणाहून फार अधिक नव्हे. मिरवणुकीतला ढोल त्यात बसत नाही, ताशा बसत नाही, बँड बसत नाही. २०२४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातील ढोल-ताशा पथकांत ३० हून अधिक जण नकोत असे म्हटले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. आमचे मन ढोलाच्या बाजूचे आहे हे आम्ही लपवीत नाही. ढोल वाजविणारा हात दमतो, आणि तो दमला की गल्लीला विसावा मिळतो. जनरेटर दमत नाही. तरीही, जो नियम सगळेच मोडतात त्याची अंमलबजावणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर जाते. यंदा सोडले, गेल्या वर्षी धरले. या चौकात सोडले, त्या चौकात धरले. मर्जीच्या अशा व्यवहारात सर्वांत दुबळा कोण, तर ज्याच्या नावावर कर्ज आहे तो. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, त्याचा आम्हांला आनंद झाला. पण कोणत्या मार्गावर कोणती यंत्रणा चालेल हे ज्येष्ठातच लेखी जाहीर करण्याची शिस्त त्या दर्जाबरोबर आली पाहिजे. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातली बंदी गोंगाटही थांबवीत नाही आणि कर्जदारालाही वाचवीत नाही.

कर्जाचे एक उदाहरण मांडून पाहू. समजा, कोणी १५ लाख रुपये शेकडा १२ व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर काढून खोकी, ॲम्प्लिफायर आणि जनरेटर घेतला. महिन्याचा हप्ता सुमारे ३३,३६७ रुपये येतो, वर्षाचा ४ लाख. वर्षाकाठी ३० सुपाऱ्या मिळाल्या असे धरले तर प्रत्येक सुपारीतून केवळ हप्त्यापोटी १३,३०० हून अधिक रुपये बाजूला पडले पाहिजेत. डिझेल, गाडीभाडे, चढवणी-उतरवणीची पोरे, जळलेले कर्णे याच्या आधी. आणि हप्ता इंग्रजी महिन्याच्या तारखेला येतो, सुपारी मात्र पंचांगाने येते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाहाचे मुहूर्त नाहीत. पौष बरीच घरे टाळतात. अधिकमासात लग्ने होत नाहीत. २०२६ साली ज्येष्ठच अधिक, म्हणजे ऐन हंगामातले दिवस गेले. दहीहंडी, गणपती आणि नवरात्र एवढ्यावर चातुर्मास काढावयाचा. असा माणूस मंडळाने 'आवाज वाढव' म्हटले की नाही म्हणू शकत नाही. भिंत त्याने घेतलेली नसते, भिंतीनेच त्याला घेतलेले असते.

याच्या उलट, जो केवळ वादक आहे त्याचे भांडवल लहान. शिकाऊ नियंत्रक यंत्र पंचवीस-तीस हजारांच्या आसपास येते, बरे श्रवणयंत्र आणि संगणक वेगळा. ध्वनियंत्रणा ज्या कार्याला जेवढी हवी तेवढी भाड्याने आणावयाची आणि तिचे भाडे पत्रकात वेगळे दाखवावयाचे. लग्न, हळद, बारसे, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, हॉटेलातला समारंभ, ही कामे बंद जागेत आणि वेळेच्या मर्यादेत होतात. मिरवणुकीची बंदी तेथे फारशी पोहोचत नाही. पहिली तीन-चार वर्षे मिळकत तुटपुंजी राहते, हे मात्र बापाने आणि मुलाने समोरासमोर बसून बोलून घ्यावे. शक्यतो पोटासाठी दुसरे काम हाती असावे. आम्हीही तरुणपणी पाठशाळेत शिकवीत होतो म्हणून बिदागीकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली नाही.

व्यवहार लेखी असावा. तारीख, जागा, सुरू-बंद होण्याची वेळ, विसार किती, उरलेली रक्कम कार्याच्या आधी की नंतर, वीज कोणाची, परवाना कोणी काढावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम : पोलिसांनी काम बंद केले तर पैशाचे काय, आणि मर्यादेबाहेर आवाज नेण्याचा आग्रह यजमानाने धरला तर जबाबदारी कोणाची. हे कलम वाचून जे मंडळ रागावते त्याची सुपारी न घेतलेली बरी. व्यवहार बँकेतून करावा, वह्या ठेवाव्यात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते.

स्वामित्वहक्काची बाब बहुतेकांना ठाऊकच नसते. गाण्याची प्रत विकत घेतली म्हणून ते चारचौघांत वाजविण्याचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कायद्याने तो हक्क ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे आणि गीतकार-संगीतकारांकडे राहतो, आणि त्यांच्या वतीने संस्था शुल्क घेतात. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात खऱ्या धार्मिक विधीला सूट आहे आणि त्या विधीत लग्नाची वरात व विवाहाशी निगडित समारंभही धरले आहेत. गोव्यात सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या सुटीचा अर्थ सांगणारे परिपत्रक काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केले. तेव्हा विधी कोठे संपतो आणि करमणूक कोठे सुरू होते, हा वाद अजून जिवंत आहे. हॉटेलातल्या कार्यात परवान्याची चौकशी यजमानाकडे आधीच करावी. संतांचे अभंग कोणाच्या मालकीचे नाहीत, पण त्यांचे एखाद्या गायकाने केलेले ध्वनिमुद्रण प्रसिद्धीनंतर ६० वर्षे मालकीचे असते. अभंगाखाली धडधडणारा ठेका घालून ती 'नवी आवृत्ती' म्हणून फिरविणाऱ्या मुलांनी हेही ध्यानात घ्यावे. भक्तीचा प्रश्न आम्ही येथे काढीतच नाही. तो काढला तर पान पुरणार नाही.

मुलाच्या माथी सारा दोष मारण्यापूर्वी सुपारी कोण देते हे पाहिले पाहिजे. 'गेल्या वर्षी शेजारच्या मंडळाने आठ बेस लावले, आपण दहा लावू,' असा हिशेब तो करीत नाही, वर्गणीदारांच्या पैशावर कार्यकर्ते करतात. आणि वर्गणी आपण देतो. पावती फाडताना 'आवाज किती आणि किती वाजेपर्यंत' असे विचारणारा घरमालक आमच्या पाहण्यात फार थोडा आला. १८९३ नंतर लोकमान्यांच्या प्रेरणेने उत्सव सार्वजनिक झाला तेव्हा मेळ्यांतली मुले महिनामहिना तालमी करीत. आजच्या मंडळाने भिंतीच्या निम्म्या भाड्यात एक जाणता वादक, चार लहान कर्णे आणि आळीतल्याच मुलांचे एखादे लेझीम पथक एवढे ठरविले, तर पैसाही वाचेल आणि वादकाला कसब दाखविण्यास जागाही मिळेल. डोळे दिपविणाऱ्या लेझर झोतांना तर पुण्यात पोलिसांनी २०२४ च्या उत्सवातच मनाई केली; त्यांच्यावाचून मिरवणुकीचे काही अडले नाही.

राहिला कान. या धंद्याचे भांडवल तेच आणि सर्वांत आधी झिजते तेही तेच. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी, अशी श्रवणतज्ज्ञांमध्ये रूढ असलेली मर्यादा आहे. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास होतो आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. गाडीवर उभे राहणारा मुलगा सहा-सहा तास त्याहून वर असतो, आणि कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी मरतात त्या पुन्हा येत नाहीत. प्रारंभी रात्री अंथरुणावर कानात बारीक शिट्टी वाजते, सकाळी थांबते. काही वर्षांनी ती थांबत नाही. पुढे 'स' आणि 'श' यांतला भेद पुसट होतो. आमच्या पाठशाळेत येणाऱ्या एका हुशार मुलाच्या उच्चारावरून आम्हांला तो प्रथम कळला. तो दोन वर्षे एका गाडीवर होता. वादकांसाठी मिळणारी कानातली बोंडे आवाज सारखा खाली आणतात, सूर बिघडवीत नाहीत. त्यांची किंमत एका खोक्याच्या भाड्याहून कमी असते. ती पहिल्या दिवसापासून वापरावीत. आणि दर आषाढात, सुपाऱ्या नसताना, एकदा कानाच्या वैद्याकडे जाऊन श्रवणाचा आलेख काढून घ्यावा. त्याची प्रत जमाखर्चाच्या वहीत, मागल्या वर्षीच्या आलेखाशेजारी, चिकटवून ठेवावी.